बबनआण्णाच्या छातीवर माझे हात

छाती दाबायची कशी ते आधी सांगतो. कारण ते मला येतं, आणि चांगलं येतं.

माणूस पाठीवर सपाट पाहिजे. गादी मऊ असली तर पाठीखाली फळी सरकवायची, नाहीतर आपण नुसती गादीच दाबत बसतो. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवायचा आणि मनगटाजवळचा जाड भाग छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचा. कोपर वाकवायचं नाही. कोपर वाकलं की जोर दंडातच राहतो, पेशंटपर्यंत पोचत नाही. खांद्यापासून तळव्यापर्यंत एक सरळ दांडा झाला पाहिजे, आणि वजन टाकायचं ते कमरेतून. दोन इंच खाली, मग पूर्ण सोडायचं, पण तळवा उचलायचा नाही. सेकंदाला जवळजवळ दोन वेळा. तीस झाले की दुसऱ्यानं अंबूनं दोन दम द्यायचे. अंबू म्हणजे रबराची फुगीर पिशवी, ती दाबली की हवा आत जाते. मग परत तीस. दोन मिनिटांत चांगल्या तालमीतल्या माणसाचा घाम निघतो. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो तेव्हाही पाच मिनिटं एका दमात दाबत होतो.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, ब्रदरसुद्धा नाही. मी मामा. हॉस्पिटलात मामा म्हणजे जो पेशंटला उचलतो, पुसतो, भांडं देतो, एक्स-रेला ढकलत नेतो, आणि माणूस गेला की कापडात बांधतो. मी चौथी पास. आधी उरवड्याच्या एका कारखान्यात माल उचलायला होतो. तो बंद पडला, मग आमच्या मुळशीतल्या चांदे गावाच्या पुढं हिंजवडीच्या बाजूला एक खाजगी हॉस्पिटल निघालं, तिथं लागलो. बावीस वर्षं काढली. डॉक्टर सहा महिन्यांनी बदलत, मामा तोच. एकदा पुण्याहून साहेब आले होते छाती दाबायचं शिकवायला. रबराचं धड आणलं होतं. बरोबर दाबलं की त्यावर हिरवा दिवा लागायचा. नर्सबायांचा दिवा लागायचा-विझायचा. माझा लागला तो विझलाच नाही. साहेबांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं, मामांचे हात बघा. सर्टिफिकेट मात्र मला दिलं नाही. त्याला दहावी लागते म्हणाले. दिवा पेटायला दहावी लागली नाही, ते कागदाला लागली.

दिवाळी अंकाच्या लोकांना वाटलं असेल, मामा गमती सांगतील. गमती आहेत. पण मला दुसरंच सांगायचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

टीव्हीत दाखवतात तसं माणूस खोकून उठून बसत नाही. बावीस वर्षांत मी किती छात्या दाबल्या याचा हिशोब नाही, पण नंतर आपल्या पायानं चालत घरी गेले ते माझ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील. एक कारखान्यातला इलेक्ट्रिशियन होता, करंट बसलेला, पंचविशीचा. त्याला मी आणि एका डॉक्टरनं आलटून-पालटून खेचून आणला. तो अजून संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतो आणि माझ्या बायकोला सांगतो की मामांनी माझ्या तीन बरगड्या मोडल्या. बरगड्या मोडतातच. म्हाताऱ्या माणसाच्या तर पहिल्या दहा दाबांत. वाळक्या तुराटीसारखा आवाज येतो, आणि तो कानापेक्षा तळव्याला आधी कळतो. सुरुवातीला मी थांबायचो. डॉक्टर ओरडायचे, मामा, बरगडी जोडता येते, दाबा.

आणखी एक प्रकार आहे, तो बाहेरच्यांना माहीत नाही. नव्वदीच्या एका म्हाताऱ्याला आणलं होतं. रस्त्यातच गेला होता, अंग गार पडायला लागलं होतं. बाहेर पोर्चमध्ये चाळीसएक माणूस. डॉक्टर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, मामा, दहा मिनिटं दाबा, तोवर मी बाहेर बोलतो, नाहीतर काच फुटेल. पडदा मुद्दाम थोडा उघडा ठेवला. मी मेलेल्या माणसाची छाती दाबली, लोकांना दिसावी म्हणून. मेलेल्याला लागत नाही, असं मी मला सांगत होतो. पण बरगडी गेली तेव्हा तोंडातल्या तोंडात म्हणालो, बाबा, माफ कर. नंतर त्याच्या नातवानं माझे हात धरले. मामा, तुमी लई केलं म्हणाला. मला तोंड वर करवेना.

आता बबनआण्णाचं.

बबनआण्णा आमच्या गावचा, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. जमीन बरी होती, थोडी विकली, उरलेल्या जागेवर पोरांनी तीन मजली इमारत बांधून खोल्या भाड्यानं दिल्या. हिंजवडीत कामाला असलेली पोरं-पोरी राहतात. आण्णाला दोन मुलगे, संतोष आणि सचिन, आणि मुलगी मंगल, ती मुठा गावात दिलेली. गावात मला नावानं हाक मारणारी माणसं कमी उरली होती, त्यातला तो एक. तुका म्हणायचा.

आण्णाची बायको सरूवहिनी. तिला आणली तेव्हा तिचं हृदय माझ्यासमोर थांबलं आणि मी दाबून परत चालू केलं. दुसऱ्या दिवशी आण्णानं हॉस्पिटलच्या दारात मला टोपी-उपरणं केलं. मग वहिनी श्वासाच्या मशीनवर राहिली. घशात नळी असली की माणूस बोलू शकत नाही, आणि थोडी जाग आली की नळी ओढायला बघतं. म्हणून गॉजच्या पट्टीनं मनगटं पलंगाला बांधतात. नवव्या दिवशी आण्णा आत भेटायला गेला आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"तुका, तिचे हात कुणी बांधले?"

"मी."

"का?"

"नळी वढती."

"वढती म्हंजे तिला नको हाय."

मी म्हणालो, पेशंटला काय कळतंय. तो म्हणाला, "बेचाळीस वर्सं संसार केलाय. तिचं न्हाई कसं आसतं ते मला ठावं हाय."

सोळाव्या दिवशी वहिनी गेली. आण्णानं मला त्यावरून कधी बोल लावला नाही. पण टोपी-उपरण्याचाही विषय परत निघाला नाही.

पुढं दोन वर्षांनी एका दुपारी आण्णा हॉस्पिटलात आला. मी अॅम्ब्युलन्सच्या शेडपाशी पायरीवर डबा खात होतो. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. त्याच्या इमारतीत वरच्या खोलीत वैशाली म्हणून लातूरकडची एक बाई राहायची, कंपनीत होती. तिचे वडील असेच मशीनवर गेलेले. तिनं आण्णाला सांगितलं होतं की आता कोर्टानं मुभा दिलीय, माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो, शेवटी मला काय करा आणि काय करू नका. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी. तिनं मजकूर मराठीत छापून आणून दिला होता. आण्णा म्हणाला, वाच. मी एकेक अक्षर लावत वाचलं. हृदय थांबलं तर छाती दाबू नये, नळी घालू नये, मशीनला लावू नये, दुखणं कमी करावं आणि घरी न्यावं. खाली आण्णाची सही, नांगराच्या तासासारखी वाकडी. त्याखाली वैशालीची. तिसरी जागा रिकामी.

बाहेरच्या लोकांना हे कळायचं नाही, पण आमच्याकडं कागदावर साक्षीदार म्हणून सही करणं म्हणजे काय ते मी भोगलंय. चुलतभावाच्या खरेदीखतावर मी एक सही केली आणि नऊ वर्षं पौडाच्या कोर्टात उभा राहिलो. ज्यानं विकली तो मेला, ज्यानं घेतली तो मुंबईला गेला, साक्षीदार तेवढा तारखेला हजर. तेव्हापासून मी पासबुकाशिवाय कुठं सही करत नाही. आमच्या मुळशीत स्टँपपेपर दिसला की माणूस मजकूर वाचत नाही, आधी गट नंबर शोधतो.

"आण्णा, सही मी करणार न्हाई. उद्या तुझी पोरं म्हणतील, मामानं म्हाताऱ्याकडनं काय लिवून घेतलं."

"ह्यात जमिनीचं नावबी न्हाई."

"ते तुला आन् मला ठावं. तुझ्या संतोषला स्टँप बघितला की सात-बाराच दिसतोय."

आण्णा हसला. म्हणाला, ते खरं हाय. मग म्हणाला, "मग मी काय करू?"

"माझा शब्द घे. तुला आणलं तर हितंच आणतील. आन् हितं छाती माझ्याबिगर कोण दाबतंय? मी हात लावला न्हाई म्हंजे झालं."

"शब्द नको तुका. सही दे."

मला राग आला. मी म्हणालो, माझ्या शब्दावर तुझा इश्वास न्हाई का. तो कागदाची घडी घालत राहिला. "हाय की," म्हणाला, "लई हाय." आणि गेला. दुसरा साक्षीदार त्यानं कुणाला केला नाही, नोटरीपर्यंत कागद गेलाच नाही.

त्यानंतर वर्षभरानं, सकाळी साडेनऊची वेळ. मी सिलिंडर बदलत होतो. गाडी येऊन थांबली आणि संतोष-सचिननं आण्णाला उचलून आत आणलं. दूध घालून येताना डेअरीच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या कलंडला होता. पलंगावर घेईपर्यंत नाडी होती. वायरी लावल्या आणि पडद्यावर सरळ रेघ आली. ड्यूटीवर नव्या डॉक्टरमॅडम होत्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या, आणि एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, तो महिन्याभरापूर्वी लागलेला. मॅडम म्हणाल्या, मामा, या लवकर.

मी जागचा हललो नाही. "मॅडम, ह्याला दाबायचं न्हाई. त्यानं नको म्हणून सांगितलंय."

"कुणाला सांगितलंय?"

"मला."

"लेखी आहे काही?"

मी म्हणालो, न्हाई. अर्धवट कागद होता, पण तो कुठं होता देव जाणे, आणि त्यावर माझी जागा रिकामी होती.

संतोष पडद्याला धरून उभा होता. "मामा, तुमी कोण ठरवणार? बाप माजा हाय. दाबा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, संतोषकडं बघितलं आणि ब्रदरला म्हणाल्या, तुम्ही सुरू करा. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. कागद नाही, मुलगा दाबा म्हणतोय, समोर रेघ सरळ. त्या काय करणार?

ब्रदरनं सुरू केलं. आणि इथं मला जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ जड होते. त्याची कोपरं वाकलेली होती. कणीक मळल्यासारखा दाबत होता. तळवा उचलत होता, जागा सरकत होती, पोटावर येत होता. अर्धं मिनिट मी बघितलं. आण्णाचे हाल मला बघवेनात, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण ते खोटं आहे. मला ते दाबणं बघवेना. माझ्या हॉस्पिटलात, माझ्या डोळ्यासमोर, माझ्या गावच्या माणसाची छाती कुणी अशी दाबतंय. मी पुढं झालो, ब्रदरला खांद्यानं ढकललं, सरक म्हणालो, आणि तळवा ठेवला.

शब्द विसरलो होतो असं नाही. मिनिटभरापूर्वीच तो मी तोंडानं बोललो होतो. सगळं ठाऊक होतं आणि माझे हात दाबत होते. कोपर सरळ. एक, दोन, तीन. बरगडी गेली, तळव्याला कळली. दुसरी गेली. तीस झाले की ब्रदर अंबू दाबायचा, मी परत. मॅडमनी इंजेक्शन दिलं. चार मिनिटं झाली असतील, पडद्यावर रेघ उसळली. मॅडम म्हणाल्या, थांबा. गळ्याला बोट लावलं आणि म्हणाल्या, आली. मामा, मानलं तुम्हाला.

सचिन माझ्या पायाशी वाकला. संतोष भिंतीला टेकून रडत होता. मी कँटीनला जाऊन चहा घेतला आणि तिथल्या माणसाला सांगितलं की चार मिनिटांत आणला परत. अर्धा तास मला लई बरं वाटत होतं. तो अर्धा तास मला अजून सुटत नाही. मी दाबलं, ते एक वेळ समजून घेता येईल, हातांना सवय होती. पण नंतर मला आनंद झाला. तो कुठून आला? कपात अर्धा चहा असताना मला आण्णाची घडी घालणारी बोटं दिसली आणि चहा तसाच ठेवून उठलो.

आण्णा मशीनवर एकोणीस दिवस राहिला. डोळे उघडे असायचे, छताकडं. ओळखतो का, मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मेंदूला पुरेसं रक्त मिळालं नाही, नक्की सांगता येत नाही, बहुतेक नाही. बहुतेक या शब्दाला धरून मी एकोणीस दिवस काढले. त्याचे हात या वेळी मी बांधले नाहीत. दुसऱ्यानं बांधले. मी माझी ड्यूटी खालच्या मजल्यावर लावून घेतली.

पाचव्या दिवशी वैशाली तो कागद घेऊन आली. आण्णानं तो तिच्याकडंच ठेवायला दिला होता. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, एकच साक्षीदार आहे, नोटरी नाही, मी यावर काही करू शकत नाही, पण मुलांशी बोलते. त्या बोलल्या. झालं असं की पोरांनी मॅडमना उत्तर दिलं नाही, वैशालीला विचारलं, की भाडेकरूला आमच्या बापाची सही लागली कशाला. दोन दिवसांत सगळ्या गावात झालं की लातूरच्या बाईनं आण्णाकडून स्टँपवर सही घेतली. महिनाअखेरीला खोली खाली करा म्हणाले. ती सामान आवरायच्या आधी मला भेटायला आली. "मामा, तुमची एक सही असती तर," एवढंच म्हणाली. मी तिच्यावर डाफरलो, की ताई, तुम्हाला आमच्याकडचं काय कळतंय. ती वळली आणि गेली. ती काही चुकीचं बोलली नव्हती.

विसाव्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पोरांना बसवून सांगितलं की आता सुधारणा नाही. पोरं म्हणाली, घरी नेतो.

हे घरी नेणं कसं असतं ते सांगतो. आमच्याकडं माणूस हॉस्पिटलात मेला म्हणायचं नाही, घरी गेला म्हणायचं. आणि पलंगावर नाही, जमिनीवर. मग मशीन तर गाडीत नेता येत नाही. डॉक्टर सही घेतात, मशीन काढतात, नळीला अंबू जोडतात आणि मामाला गाडीत बसवतात. मामानं घरापर्यंत हातानं दम द्यायचे. घरी जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात, आणि मग मामानं थांबायचं. कागदावर लिहिलेलं असतं की नातेवाइकांच्या इच्छेनं नेत आहेत. थांबवायचं कुणी, ते कुठंच लिहिलेलं नसतं. बावीस वर्षांत मी तीस-चाळीस जणांना असं नेलं असेल. दर वेळी सगळे माझ्या तोंडाकडं बघतात आणि मी त्यांच्या. शेवटी कुणीतरी म्हातारी बाई म्हणते, बास आता, आणि मी हात काढतो. त्या बाईला नंतर त्या घरात काय ऐकावं लागतं ते मला माहीत नाही.

आण्णासोबत दुसरा कुणी जा, असं मी सांगून बघितलं. संतोष म्हणाला, मामा, तुमीच पाहिजे, तुमीच वाचवलाय.

चांद्याहून आमच्या गावापर्यंत रस्त्याचं काम चालू होतं, गाडी हळू. मी आण्णाच्या डोक्याशी बसून दर चार सेकंदांनी पिशवी दाबत होतो. तोंड जवळ होतं.  

इमारतीच्या खाली पार्किंग होतं तिथं फरशीवर घोंगडी अंथरून ठेवली होती. आण्णाला खाली घेतलं. मी गुडघ्यावर बसलो. सकाळचे साडेअकरा. वरच्या खोल्यांतली पोरं पाठीला लॅपटॉप, हातात हेल्मेट, भिंतीकडनं चोरासारखी निघत होती. कंपनीची एक कॅब फाटकाशी थांबून हॉर्न देत होती, कुणीतरी जाऊन तिला गप्प केलं. एकेक जण येऊन चमच्यानं ओठाला पाणी लावून गेला. संतोष म्हणाला, आत्या यायचीय, वेल्ह्याकडनं निघालीय. आण्णाची धाकटी बहीण, बायडाबाई. मी पिशवी दाबत राहिलो. पाऊण तासानं आत्या आली, तिनं पाणी लावलं, भावाच्या कपाळावरनं हात फिरवला आणि खांबाला टेकून बसली. मी संतोषकडं बघितलं. तो म्हणाला, मामेभाऊ चाकणवरनं निघालाय. परत दाबत राहिलो. बोटं आखडायला लागली. मी हात बदलला तेव्हा सचिन म्हणाला, "मामा, दमला का? त्या दिवशी तर न्हाई दमला." त्यानं टोचायला म्हटलं नव्हतं. पण मी मान खाली घातली.

मंगल बापाचे पाय चेपत बसली होती.  मान वर न करता ती म्हणाली, "दादा, आता कुणाची वाट बघायची न्हाई. आण्णांनी मला सांगितलं व्हतं, माझं असलं काय करू नका म्हणून."

मला वाटलं संतोष तिच्यावर धावून जाईल. तो तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुलाबी?"

माझा एक दम चुकला. पिशवी हातात तशीच राहिली, मग घाईनं दाबली.

मंगल म्हणाली, "तुलाबी म्हंजे?"

संतोष फरशीवर खाली बसला. मग एकेक निघायला लागलं, आणि मी दर चार सेकंदांनी पिशवी दाबत ते ऐकत होतो. आण्णानं संतोषला सांगितलं होतं, दिवाळीच्या आधी भिंतीला रंग देताना. सचिनला मोटारसायकलवर मागं बसून, बाजारात जाताना, वर म्हणाला होता की संतोषला बोलू नको, त्याला सोसायचं नाही. मंगलला माहेरी आली तेव्हा, आणि भावांना सांगू नको म्हणाला होता. मंगल म्हणाली, "मी तोंड उघडलं आसतं तर तुमी म्हणला आसता, हिला बाप जड झाला, वाटणी मागाया आली." दोघांपैकी कुणीही नाही म्हणालं नाही. खांबाला टेकलेली आत्या म्हणाली, "मला तर कवाच सांगितलंय त्यानं. मी म्हणलं, गप, आभद्र बोलू नको."

 आण्णानं मला एकट्याला सांगितलं असं मी वर्षभर धरून चाललो होतो. त्याचा मला मोठेपणाही वाटत होता. त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, एकेकट्याला गाठून, आणि त्यातल्या एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. वैशालीला खोलीतून काढताना दोन्ही भावांना माहीत होतं की तिच्या कागदात खरं काय लिहिलंय. दोघांना.

मी संतोषला म्हणालो, "मंग त्या दिवशी मी दाबू नका म्हणलो, तवा तू माझ्यावर का वरडला?"

 संतोष बापाच्या छातीकडं बघत होता, ती माझ्या हातानं वरखाली होत होती.

"लोक व्हते मामा," तो म्हणाला. "मी पोरगा हाय. मी नको म्हणलो आसतो तर गावानं म्हणलं आसतं, पोरानं मारला. म्हणून मी म्हणलो, दाबा. पर तुमी हट्टी. तुमी एकदा न्हाई म्हणला म्हंजे देव आला तरी हात लावणार न्हाई, आसं मी धरून चाललो व्हतो."

सचिन तोंड फिरवून उभा राहिला. आत्या काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी आपल्या हट्टावर कुणीतरी आपलं सगळं ओझं टेकवून उभं होतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि मी त्याच वेळी हट्ट सोडला होता. तोही कशासाठी, तर ब्रदरची कोपरं वाकली म्हणून. मला संतोषला ते सांगायचं होतं. मी सांगितलं. कोपरापासून कँटीनच्या चहापर्यंत सगळं, पिशवी दाबत दाबत.  कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मंगल उठली आणि संतोषच्या शेजारी जाऊन बसली. संतोषनं हात पुढं केला आणि माझ्या हातावर, पिशवीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. म्हणाला, "आता कुणी येऊ द्या न्हाईतर न येऊ द्या."

मी थांबलो. चिकटपट्टी सोडवली, नळी काढली, तोंड पुसलं. आण्णाच्या तोंडावर एकोणीस दिवसांनी काही नव्हतं, नुसतं तोंड होतं, आणि पट्टीचे लाल वळ. त्यानं एक दम स्वतःचा घेतला. मग थोड्या वेळानं दुसरा. आम्ही पाचही जण त्याच्याभोवती गुडघे टेकून होतो. असे सहा दम त्यानं घेतले, एकापेक्षा एक लांब. सातव्याची आम्ही सगळे वाट बघत राहिलो, आणि त्या वेळी कुणीही कुणाला काही करा म्हणालं नाही.